सोडून दिलेला तंबू : संगीत महोत्सव आणि मागे उरणारा कचरा



इतिहासाच्या व्याख्यानात सहसा राजे, लढाया, ग्रंथ नाहीतर चळवळी येतात. आज आपण कचऱ्याविषयी बोलणार आहोत, आणि तोही एका विशिष्ट कचऱ्याविषयी. पाश्चात्त्य देशांतले मोठे संगीत महोत्सव संपल्यावर मैदानात जे तंबू सोडून दिले जातात, त्यांच्याविषयी. विषय किरकोळ वाटेल. पण माणसं हजारोंनी एकत्र जमतात तेव्हा जमिनीशी, वस्तूंशी आणि मागाहून आवरायला येणाऱ्या माणसाशी त्यांचं नातं काय असतं, हा प्रश्न किरकोळ नाही. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं असले प्रश्न हवेत सोडवत बसतो असा आमच्यावर आरोप असतो. म्हणून आज आपण हा प्रश्न चिखलात उभे राहून पाहू.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणूया. लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीच्या काठी रेडिंग नावाचं शहर आहे. तिथे ऑगस्टच्या अखेरीस रॉक संगीताचा मोठा महोत्सव भरतो. लोक तीन-चार दिवस तिथेच मुक्काम करतात. सोमवारी सगळे घरी जातात, आणि त्या दिवशी आकाशातून काढलेली छायाचित्रं गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांत वारंवार छापून आली आहेत. त्यांत रंगीबेरंगी तंबू दाटीवाटीने उभे दिसतात. पहिल्या नजरेला वाटतं, माणसं अजून झोपलेली असतील. पण तंबू रिकामे असतात. आत झोपायच्या पिशव्या, हवा भरायच्या गाद्या, घडीच्या खुर्च्या, चिखलाने भरलेले बूट, अर्धवट खाल्लेले डबे. ज्या घरात चार रात्री काढल्या, ते घर जसंच्या तसं टाकून माणूस निघून गेलेला असतो.

ब्रिटनमधल्या स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने २०१९ मध्ये एक मोहीम काढली. तिचं आवाहन साधं होतं : आपला तंबू घरी न्या. त्या वेळी संघटनेने दिलेला अंदाज असा, की देशभरच्या महोत्सवांत मिळून दरवर्षी सुमारे अडीच लाख तंबू मागे टाकले जातात. सरासरी तंबूचं वजन साडेतीन किलो, आणि त्यातलं बहुतेक सगळं प्लास्टिक. हिशेब समजावा म्हणून त्यांनी सांगितलं, की एका तंबूतलं प्लास्टिक ८,७५० स्ट्रॉंएवढं होतं. म्हणजे बघा, शीतपेय पिताना प्लास्टिकची नळी नको म्हणणारा तरुण जाताना पावणेनऊ हजार नळ्या मागे टाकून जातो, आणि त्याला ते जाणवतही नाही.

यावरचं लोकप्रिय उत्तर तुम्ही आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आजची पिढी बिघडली. पूर्वी लोक संगीतासाठी जायचे, ध्येयवादी होते, निसर्गावर प्रेम करायचे; आताची पोरं चैनीची. आमच्या वयाच्या माणसांना हे उत्तर फार आवडतं. पण इतिहासाला विचारलं तर तो या उत्तराला दुजोरा देत नाही.

चला, १९६९ मध्ये जाऊ. त्या वर्षी १५ ते १८ ऑगस्ट या दिवसांत न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी वुडस्टॉकचा महोत्सव झाला. नाव वुडस्टॉकचं, पण जागा होती मॅक्स यॅसगर या दूध उत्पादकाच्या शेताची. आयोजकांनी आधी सांगितलं होतं पन्नास हजार लोक येतील. आगाऊ तिकिटंच विकली गेली १,८६,००० च्या आसपास, आणि प्रत्यक्षात आले चार लाखांहून अधिक. कुंपण पुरं झालं नव्हतं. जेवढं झालं होतं तेवढं लोकांनी मोडलं. शेवटी कार्यक्रम फुकट आहे असं जाहीर करावं लागलं. रस्ते तुंबले, लोकांनी मोटारी वाटेत सोडल्या, अन्न संपलं, पाऊस आला. हॉग फार्म नावाच्या एका सामुदायिक वसाहतीतले लोक कागदी पेल्यांतून धान्याचा नाश्ता वाटत होते. एवढ्या हालांतही दंगल झाली नाही, आणि त्याबद्दल त्या पिढीचं कौतुक झालं ते योग्यच झालं.

पण सोमवारी सकाळी काय राहिलं? जिमी हेंड्रिक्स शेवटचा वादक. तो वाजवायला उभा राहिला तेव्हा बहुतेक गर्दी पांगली होती. १९७० मध्ये आलेल्या ‘वुडस्टॉक’ या माहितीपटात ते शेत दिसतं. चिखलात रुतलेल्या गोधड्या, चपला, कागद, बाटल्या, आणि त्यांतून वाट काढणारी मोजकी माणसं. त्याच चित्रपटात फिरत्या शौचालयांची सफाई करणाऱ्या एका कामगाराशी बोलणं आहे. तो सांगतो, की त्याचा एक मुलगा इथे महोत्सवाला आलाय आणि दुसरा व्हिएतनामच्या युद्धात आहे. तीन तासांच्या त्या चित्रपटात आम्हाला सर्वांत लक्षात राहिलेला माणूस तोच. शांततेच्या त्या उत्सवाची घाण एका सैनिकाचा बाप उपसत होता.

आणि यॅसगर? त्यांनी व्यासपीठावरून गर्दीचं कौतुक केलं, गर्दीने त्यांना टाळ्या दिल्या. पण शेताची नासाडी झाली. शेजारच्या शेतकऱ्यांनी नुकसानीबद्दल त्यांच्यावरच दावा लावला. पुढच्या वर्षी पुन्हा महोत्सव भरवू द्या म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. १९७३ मध्ये ते वारले. २०१८ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी त्या शेतात उत्खनन केलं. मूळ रंगमंच नेमका कुठे होता हे त्यांना शोधायचं होतं. त्यांना मातीत काय मिळालं, तर डब्यांची ओढून काढायची झाकणं आणि बाटल्यांच्या काचा. महोत्सवाच्या संगीताचे स्वर हवेत विरले, झाकणं राहिली.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा, की कचरा नवा नाही. ध्येयवादी पिढीनेही तो केला. मग नवं काय आहे? नवं हे आहे, की १९६९ च्या चिखलात गोधड्या आणि कागद होते, आणि रेडिंगच्या मैदानात उभे तंबू आहेत. पूर्वी माणसं घाण मागे टाकत होती. आता चांगलं, न फाटलेलं, पुन्हा वापरता येईल असं घर टाकतात. हा बदल दोन वाटांनी झाला. एक वाट कुंपणाची, आणि दुसरी वाट वस्तूची.

आधी कुंपणाची वाट पाहू. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथे ऑगस्ट १९७० च्या महोत्सवाला काही लाख लोक आले. शेजारच्या टेकडीवर बिनतिकिटांची वसाहतच उभी राहिली आणि इथेही कुंपण पाडलं गेलं. बेटावरच्या लोकांनी हाय खाल्ली. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ब्रिटिश संसदेने त्या बेटापुरता कायदा केला : पाच हजारांपेक्षा जास्त लोकांचा रात्रीचा जमाव परवान्याशिवाय भरवायचा नाही. परवाना म्हणजे पाणी, शौचालयं, कचऱ्याची व्यवस्था यांचा जाब देणं आलं. यात काही गैर होतं असं नाही. पण एक दार बंद व्हायला सुरुवात झाली.

पुढची वीस-बावीस वर्षं इंग्लंडमध्ये फुकटचे, कोणाची परवानगी न घेता भरणारे मेळावे एकेक करून मोडले गेले. विंडसरचा १९७४ मध्ये पोलिसांनी उधळला. स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळाजवळ १९७४ पासून भरणारा मेळावा १९८५ मध्ये न्यायालयाच्या मनाई हुकमाने बंद पडला. पुरातन परिसराची हानी होते हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्या वर्षी पोलीस आणि फिरस्ते यांच्यात जी हिंसक गाठ पडली ती आजही तिथल्या लोकांच्या स्मरणात आहे. मग मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन कॉमन इथे आठवडाभर हजारो लोकांचा मेळावा भरला. कॉमन म्हणजे आपल्या भाषेत गायरान. गावाच्या सामाईक चराईची जमीन. आसपासच्या रहिवाशांनी आवाज, कचरा आणि उघड्यावरची घाण यांबद्दल आकांत केला. १९९४ मध्ये नवा कायदा आला आणि असा मेळावा मोडण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले.

या सगळ्याचं एकमेव कारण कचरा होता असं आम्ही म्हणत नाही. सरकारला फिरस्ते नको होते, जमीनदारांना गर्दी नको होती, शेजाऱ्यांना झोप हवी होती. पण कचरा हा असा साक्षीदार होता, की ज्याची उलटतपासणी घेता येत नव्हती. फोटो काढला की काम झालं. एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी मागे टाकलेली घाणच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. चळवळीतल्या कोणाही माणसाने हे लक्षात ठेवावं.

आता ग्लॅस्टनबरीकडे येऊ. सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावचे शेतकरी मायकेल ईविस यांनी १९ सप्टेंबर १९७० रोजी आपल्या वर्दी फार्मवर पहिला महोत्सव भरवला. तिकीट एक पौंड, आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. दीडएक हजार माणसं आली. ही जत्रा वाढत वाढत गेली. २००० साली कुंपणावरून उड्या मारून इतके लोक आत शिरले, की परवान्यातली संख्या कुठल्या कुठे राहिली. २००१ ला महोत्सव झालाच नाही, आणि २००२ मध्ये भोवती उंच पोलादी भिंत उभी राहिली. सुरक्षिततेसाठी ती आवश्यक होती. पुढे तिकिटाची किंमतही चढत गेली. २०१९ मध्ये ती सुमारे २५० पौंड होती.

आता माणसाच्या मनात काय होतं बघा. एक पौंड देऊन दूध पिणारा माणूस शेतकऱ्याचा पाहुणा असतो. अडीचशे पौंड देणारा ग्राहक असतो. पाहुणा निघताना ताट उचलतो, निदान उचलू का म्हणून विचारतो. ग्राहक ताट टेबलावर ठेवून उठतो, कारण आवरण्याचे पैसे बिलात धरलेत हे त्याला ठाऊक असतं. यात त्याची चूक काढणं कठीण आहे. ज्या व्यवहाराने त्याला आत घेतलं, त्याच व्यवहाराच्या नियमाने तो वागतो.

आणि हा ग्राहक लुबाडला गेला तर काय होतं, तेही इतिहासाने दाखवलं आहे. १९९९ च्या जुलैत, मूळ वुडस्टॉकला तीस वर्षं झाली म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी, हवाई दलाच्या जुन्या तळावर नवा वुडस्टॉक भरवला गेला. तिकीट दीडशे डॉलर. तापलेली धावपट्टी, पाण्याची बाटली चार डॉलरला, तुंबलेली शौचालयं, न उचललेला कचरा. शेवटच्या रात्री लोकांनी आगी लावल्या आणि विक्रीचे ठेले फोडले. तिथे कचरा हा निष्काळजीपणा राहिला नव्हता, तो राग झाला होता.

तर असं हे चक्र आहे. घाण आणि गर्दी यांमुळे कुंपण आलं, कुंपणाने पाहुण्याचा ग्राहक केला, आणि ग्राहकाने जास्त टाकलं. पण ग्राहक झाला म्हणून कोणी आपली स्वतःची वस्तू टाकत नाही. हॉटेलातून निघताना आपण आपली बॅग सोडून येतो का? त्यासाठी वस्तूतच काही बदल व्हावा लागतो. ही दुसरी वाट.

पूर्वीचा तंबू जाड सुती कापडाचा. जड, महाग, भिजला की आणखी जड. लाकडी खांब, मेखा, दोर. तो उभारायला दोन-तीन माणसं लागत आणि ज्याच्या घरी तो असे त्याच्याकडे तो वर्षानुवर्षं असे. आपल्याकडे तर तंबू ही राजवैभवाची वस्तू. डेरे, राहुट्या, कनाती सांभाळायला फरासखाना हे स्वतंत्र खातंच असे. पुण्यातल्या फरासखान्याच्या नावात ती आठवण अजून टिकून आहे. विसाव्या शतकात आधी नायलॉन आणि पाठोपाठ पॉलिएस्टर आलं. १९७० च्या दशकात वाकणाऱ्या बारीक काड्यांवर ताणलेले घुमटाकार तंबू निघाले. ते गिर्यारोहकांसाठी होते, पातळ पण चिवट, आणि किमतीलाही भारी. नंतर तीच रचना स्वस्तात होऊ लागली. २००५ मध्ये डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीने हवेत फेकला की आपोआप उघडणारा तंबू बाजारात आणला. नावच ‘दोन सेकंद’. उघडायला दोन सेकंद. घडी घालणं मात्र पहिल्या खेपेला भल्याभल्यांना जमत नाही. मग सुपरमार्केटमधून ‘महोत्सवाचा तंबू’ या नावाने कितीतरी स्वस्त तंबू मिळू लागले. २०१९ च्या त्या मोहिमेत संघटनेने विक्रेत्यांना नेमकी हीच विनंती केली होती, की तंबू एकदा वापरून टाकायची वस्तू म्हणून विकू नका.

इथे आपल्याला हाना आरेंट यांची मदत होते. १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात त्यांनी उपभोगाची वस्तू आणि वापराची वस्तू यांत भेद केला. भाकरी खाल्ली की संपते. संपणं हाच तिचा धर्म. पाट किंवा वरवंटा वापरल्याने झिजतो, पण संपत नाही. तो आजीकडून नातीकडे येतो. अशा टिकणाऱ्या वस्तूंमुळे माणसाला जगात घर असल्यासारखं वाटतं. आणि आधुनिक काळात वापराच्या वस्तूही भाकरीसारख्या संपवल्या जातात, हे त्यांनी ओळखलं होतं. तंबूचं नेमकं हेच झालं. तो पाटाच्या रांगेतून उठून भाकरीच्या रांगेत बसला. फरक एवढाच, की भाकरी खरोखर संपते, तंबू संपत नाही. आपल्या हिशेबातून तो गेला, तरी जमिनीच्या हिशेबात राहतो.

सोमवारी सकाळचा तो मुलगा डोळ्यांसमोर आणा. रेडिंगला येणाऱ्यांत शाळेचा मोठ्या परीक्षेचा निकाल नुकताच लागलेली सोळा-अठरा वर्षांची मुलं पुष्कळ असतात. चार रात्री धड झोप नाही, पाऊस, खांद्यावर ओझं, आगगाडी गाठायची आहे. ओला तंबू पुसून, काड्या मोजून, घडी घालून पिशवीत कोंबायला तासभर. नवा तंबू जेवढ्याला मिळतो तेवढी त्या तासाचीही किंमत नाही असं त्याला वाटतं. शिवाय एक दिलासा असतो : कोणीतरी गरीब, निर्वासित नेतील. काही स्वयंसेवी संस्थांनी फ्रान्समधल्या कॅले इथल्या निर्वासितांसाठी असे तंबू खरोखर गोळा केले होते. पण ते गोळा झालेले तंबू एकूण ढिगाच्या मानाने अगदी थोडे. बाकीचे ओले, मोडके, घाणीने भरलेले. ते जमिनीत पुरले जातात नाहीतर जाळले जातात. टाकून देण्याला दान म्हटलं की मन हलकं होतं. दानात देणारा घेणाऱ्याला काय हवंय ते पाहतो. इथे घेणारा कोण हेच माहीत नसतं.

घेणारा खरा कोण असतो, ते वर्दी फार्मवर दिसतं. ते आजही दुभत्या गाईंचं शेत आहे. महोत्सव संपला की स्वयंसेवक आणि रोजंदारीची माणसं कित्येक आठवडे ते रान वेचतात. मोठा कचरा उचलून झाला की रांगेने चालत बारीकसारीक वेचायचं, आणि मग ट्रॅक्टरला लोहचुंबक लावून जमिनीवरून फिरवायचा. कशासाठी? तंबूच्या मेखा आणि खिळे गोळा करण्यासाठी. गाय गवताबरोबर लोखंडाचा तुकडा गिळते. तो पोटाच्या कप्प्यात अडकतो आणि थेट हृदयापर्यंत घुसू शकतो. आपल्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे. महोत्सवाचा शेवटचा श्रोता ही गाय आहे. अधूनमधून एखादं वर्ष महोत्सव न भरवता ते रान पडीकही ठेवतात. २००६, २०१२, २०१८ ही तशी वर्षं. जमिनीला विसावा लागतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

मग उपाय काय? इथे आपल्याला आणखी एक जुना वाद आठवावा लागतो. डिसेंबर १९६८ मध्ये, म्हणजे वुडस्टॉकच्या आठच महिने आधी, गॅरेट हार्डिन यांचा सामाईक संपत्तीच्या शोकांतिकेवरचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांचं उदाहरण गायरानाचंच होतं. प्रत्येक गुराखी आपलं एकेक जनावर वाढवत जातो, कारण फायदा त्याचा आणि तोटा सगळ्यांचा. शेवटी गायरान उजाड होतं. म्हणून एकतर खासगी मालकी हवी नाहीतर सरकारी सक्ती. वुडस्टॉकचा चिखल पाहून पुष्कळांना हार्डिन खरे ठरले असं वाटलं असेल. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची खरी गायरानं, मासेमारीची पाणी, पाटबंधारे तपासले आणि १९९० मध्ये ग्रंथ लिहून दाखवलं, की माणसं एकमेकांशी बोलत असतील, नियम स्वतः ठरवत असतील, कोण काय करतं ते एकमेकांना दिसत असेल आणि नियम मोडणाऱ्याला पायरीपायरीने दंड असेल, तर सामाईक जागा शतकानुशतकं टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

महोत्सवांच्या इतिहासात जे उपाय लागू पडले ते सगळे ऑस्ट्रॉमबाईंच्या बाजूचे आहेत. अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटात बर्निंग मॅन भरतो, सत्तर हजारांच्या आसपास लोक येतात. जमीन सरकारची. सरकारची अट अशी, की एका एकरात जास्तीत जास्त एक चौरस फूट कचरा सापडला तर चालेल. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यात एक फूट! मेळा संपल्यावर स्वयंसेवक रांगेने चालत जमीन वेचतात आणि नकाशा काढतात. कोणत्या छावणीच्या जागी किती सापडलं, ते हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगाने दाखवतात आणि तो नकाशा जाहीर करतात. तांबडा रंग मिळालेल्या छावणीला पुढच्या वर्षी जागा मिळणं अवघड होतं. जर्मनीत कित्येक महोत्सवांत तिकिटाबरोबरच कचऱ्याची अनामत घेतात. भरलेली पिशवी आणून दिली की पैसे परत. डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात, जो १९७१ पासून भरतो, काही वसाहती अशा आहेत की तिथे आधी गट करून जागा घ्यायची आणि निघताना जागा स्वच्छ करून द्यायची. आणि ग्लॅस्टनबरीने २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांची विक्री थांबवली. २०१७ च्या महोत्सवात अशा दहा लाखांहून अधिक बाटल्या खपल्या होत्या. डेव्हिड ॲटेनबरो यांनी मंचावर येऊन लोकांचे आभार मानले. त्या वर्षी ९९.३ टक्के तंबू लोकांनी घरी नेले, असं आयोजक एमिली ईविस यांनी सांगितलं. आकडा आयोजकांचा आहे हे ध्यानात ठेवू; तरीही दोन लाख माणसांच्या त्या गावात फरक पडला हे खरं.

आता कोणी म्हणेल, ग्लॅस्टनबरीत शेतकऱ्याचा चेहरा समोर आहे म्हणून जमलं. पण यॅसगरांचाही चेहरा समोर होता, लोकांनी त्यांना टाळ्याही दिल्या होत्या. नुसतं प्रेम पुरत नाही. पिशवी कुठे द्यायची, ओझं कसं न्यायचं, कोणाला जाब द्यायचा, हे ठरलेलं असावं लागतं. सद्भावनेला वाट करून दिली नाही तर ती चिखलात रुतते.

आपल्याकडे हे चित्र वेगळं दिसतं, पण आपण फार फुशारून जायचं कारण नाही. लग्नाचा किंवा उत्सवाचा मंडप आपल्याकडे कोणी सोडून जात नाही, कारण तो मंडपवाल्याचा असतो. पाहुणे उठायच्या आत त्याची माणसं येतात, बांबू, कनाती, सतरंज्या मोजून टेम्पोत चढवतात. वारीतली दिंडी रोज राहुट्या उभारते आणि रोज सोडते, कारण उद्याच्या मुक्कामाला त्याच हव्या असतात. तंबूला मालक आहे आणि उद्या आहे, म्हणून तो मागे राहत नाही. पण पत्रावळी, द्रोण, पाण्याचे पाऊच आणि बाटल्या यांना मालकही नाही आणि उद्याही नाही. त्या राहतात. आणि त्या उचलतं कोण? ब्रिटनमध्ये फुकट तिकिटाच्या बदल्यात विद्यार्थी कचरा वेचतात आणि कोणी त्यांना कमी लेखत नाही. आपण हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं. त्यामुळे टाकणाऱ्याला उचलणाऱ्याचा विचार करण्याची सवयच लागली नाही. इंग्लंडमध्ये ग्राहकाला वाटतं, आवरण्याचे पैसे दिलेत. आपल्याला तर पैसे देण्याचीही गरज वाटली नाही. जन्मानेच आवरणारी माणसं आहेत, असं आपण धरून चाललो.

या सवयीवर महाराष्ट्रात ज्याने सर्वांत नेमका घाव घातला तो माणूस संगीताच्याच मेळाव्याचा होता. गाडगेबाबा. गावात आले की दिवसा हातात झाडू, आणि रात्री कीर्तन. ज्याला रात्री ऐकायचं, तोच माणूस दिवसा गटार साफ करताना गावाने पाहिलेला असे. मग ऐकणाऱ्यांना आपणही हात लावल्याशिवाय कसं राहवेल? बाबांनी ऑस्ट्रॉम वाचल्या नव्हत्या. १९५६ मध्ये तर ते गेले. पण गाणारा, ऐकणारा आणि झाडणारा ही तीन वेगवेगळी माणसं असता कामा नयेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडेही आता मुक्कामाचे संगीत महोत्सव होऊ लागलेत, स्वस्त तंबू दुकानातून मिळू लागलेत. तुमच्यातले जे तरुण असे कार्यक्रम भरवतात किंवा त्यांना जातात, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे, की स्वच्छतेच्या घोषणा फलकावर लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवा. तंबू कोणाचा, तो परत कोण मोजून घेणार, आणि महोत्सवानंतरच्या सोमवारी त्या रानात कोणाची गुरं चरायला येणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी माहीत असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत.

इथेच थांबतो. आता प्रश्न घेऊ.